खांबाचे पैसे कुणी द्यायचे?

‘फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, म्हणून खेड्यातल्या माणसानेही वीजजोडणीचे पैसे भरलेच पाहिजेत,’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते जोडणी आणि वापर यांची गल्लत करतात. जाळलेल्या युनिटचं बिल प्रत्येकाने भरावं, गरिबानेही. पण वीज दारापर्यंत आणण्याचा खर्च त्या घराचा नव्हे.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गावं गेली. तिथली वीज मुंबईकडे निघाली, तेव्हा वाटेतल्या मनोऱ्यांचा हिशेब शहरातल्या एकेका बिऱ्हाडाकडे कुणी मागितला नाही. तो सगळ्यांच्या दरात मिसळून गेला. मग डोंगरावरच्या धनगरवाड्यालाच ‘तुमचं घर लांब, खांब जास्त लागतील’ असं का ऐकवायचं? विद्युत कायदा २००३ चं कलम ४३ मागेल त्याला वीज देणं वितरकाचं कर्तव्य ठरवतं, आणि कलम ४६ लाइनचा वाजवी खर्च वसूल करू देतं. श्रीमंत बंगल्याला ही वसुली जाणवतही नाही. पाड्यावरचा माणूस कोटेशनचा आकडा बघूनच माघारी फिरतो.

‘ही घरं युनिटच किती जाळणार? खर्च कधी भरून निघायचा?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. वितरण कंपनी तोट्यात जाते हे मी नाकारत नाही. म्हणून तर हा बोजा कंपनीच्या डोक्यावर नको, सरकारी तिजोरीवर हवा. २०१७ च्या सौभाग्य योजनेत २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेनुसार गरीब ठरलेल्यांना जोडणी मोफत होती, इतरांना ५०० रुपये, तेही बिलातून दहा हप्त्यांत. दिशा योग्य होती. पण बहुतेक राज्यांना केंद्राचं अनुदान ६० टक्के होतं आणि ३० टक्क्यांची सोय कर्जावर सोडलेली होती. कर्ज काढून खांब रोवणारी कंपनी दूरच्या वस्तीकडे आनंदाने कशी जाईल?

थकबाकीकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी रीडिंगची वही तपासावी. महिनोन्‌महिने मीटर वाचायचा नाही आणि मग एकदम बिल हातात ठेवायचं, तर रोजंदारीवर जगणारं घर ते भरणार कुठून? दरमहा रीडिंग, दरमहा बिल, एवढी शिस्त आधी लावा.

सौभाग्य योजना मार्च २०२२ मध्ये बंद झाली. घरं वाढायची थांबलेली नाहीत: भाऊ वेगळे होतात, घरकुलं उभी राहतात. घरकुल मंजूर करतानाच खांब, सर्व्हिस वायर आणि मीटर यांचा पूर्ण खर्च सरकारने त्यात धरावा आणि घराचा ताबा चालू मीटरसकट द्यावा.