उन्हाळा पाऱ्यात मोजायचा की पाण्यात?

एप्रिल उजाडला की नांदेड आणि लातूरच्या तापमानाचे आकडे वृत्तपत्रांतून रोज झळकू लागतात. पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी बाजारपेठा ओस पडतात आणि उष्णतेची लाट आली की नाही, याची चर्चा सुरू होते. ही लाट ठरविण्याचे हवामान खात्याचे निकष स्पष्ट आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस हवे आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी अधिक असले पाहिजे. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. सरासरी कितीही असो, मैदानी भागात ४५ अंश गाठले गेले की लाट मानली जाते. आता मे महिन्यात नांदेडचे सरासरी कमाल तापमानच ४२ अंशांच्या आसपास असते. म्हणजे ४४ अंशांचा एखादा दिवस येथे लाटेत मोजला जाईलच असे नाही. रत्नागिरीत त्याहून पाच-सहा अंश कमी तापमानाला इशारा निघू शकतो आणि कोकणातील दमट हवा पाहता ते योग्यही आहे. तथापि, ज्या प्रदेशात असह्य तापमान हेच सरासरी तापमान आहे, तेथील उन्हाळ्याची खरी तीव्रता या मोजपट्टीत पुरती उतरत नाही.

नांदेड आणि लातूर ही नावे नेहमी जोडीने घेतली जात असली, तरी दोन्ही शहरांचा उन्हाळा एकसारखा नाही. गोदावरीच्या खोऱ्यातील नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे, तर बालाघाटाच्या पठारावरील लातूर सहाशे मीटरहून अधिक उंचीवर. साहजिकच लातूरचा पारा नांदेडपेक्षा थोडा खाली राहतो आणि रात्री तुलनेने सुसह्य असतात. यावरून लातूरचा उन्हाळा सौम्य, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पाण्याची वाफ होण्यासाठी केवळ उष्णता लागत नाही. कोरडी हवा आणि वाहता वाराही लागतो. मे महिन्यात पठारावर दोन्ही मुबलक असतात. त्यात हा सारा भूभाग सपाट. येथील धरणांत पाणी खोल साठण्याऐवजी आडवे पसरते, गाळाने ती आणखी उथळ होतात. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, साठा किती खोल आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. परिणामी, उथळ तलावाचे नुकसान त्याच्या साठ्याच्या मानाने कितीतरी मोठे असते.

हे नुकसान किती असते, याचा साधा हिशेब मांडता येतो. ऐन उन्हाळ्यात जलाशयाच्या पृष्ठभागावरून दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर एका चौरस किलोमीटर पाण्यामागे रोज ७० लाख लिटर पाणी हवेत जाते. लातूरकरांना हा आकडा ताडून पाहण्यासाठी फार दूर जायला नको. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करण्याची वेळ प्रशासनावर आली आणि मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे आणावी लागली. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यातून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली, तेव्हा एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आणलेल्या त्या पाण्याचे देशभर कौतुक झाले. तशा जवळजवळ तीन गाड्या भरतील एवढे पाणी एक चौरस किलोमीटरचा जलाशय मे महिन्याच्या एका दिवसात निमूटपणे गमावतो.

अभियंत्यांना हे ठाऊक नाही, असे कोणी म्हणणार नाही. पाटबंधारे खात्याच्या नियोजनात बाष्पीभवनाचा रकाना असतोच. अडचण आहे ती सार्वजनिक चर्चेची आणि त्यातून येणाऱ्या राजकीय दबावाची. राज्यात १५ ऑक्टोबरचा साठा प्रमाण मानून पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आणि शेतीची आवर्तने ठरतात. त्या दिवशी मांजरा धरणाचा १७७ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा काठोकाठ असेल, तर त्यातील प्रत्येक थेंबावर कोणाचा ना कोणाचा दावा उभा राहतो. उसाला पाणी हवे असते, उद्योगांना हवे असते, शहराला हवे असते. उन्हाच्या वाट्याचे पाणी मात्र या वाटपात कोणीच बोलून दाखवीत नाही. मग मार्च संपताना टक्केवारी झपाट्याने घसरू लागली की दोष फक्त उपशावर जातो. उपसा बेसुमार असतो, हे खरेच. परंतु घसरणीचे ते एकमेव कारण नसते.

नांदेडची स्थिती निराळी, पण अधिक सुरक्षित मात्र नाही. शहराची तहान भागविणाऱ्या विष्णुपुरी प्रकल्पाची क्षमता अवघी ८० दशलक्ष घनमीटरच्या घरात आहे. नदीकाठच्या मोटारी आणि ऊन या दोहोंच्या कचाट्यात हा साठा सापडला की वरच्या धरणांकडे डोळे लावावे लागतात. त्याच जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे वेळापत्रक तर थेट सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेले आहे. २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पुराचे पाणी पुढे पोचमपाडकडे जाऊ द्यायचे. नंतर जे अडेल ते २.७४ टीएमसीच्या मर्यादेत. त्यातूनही १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर हाती काय उरते, हे अशा रीतीने परतीच्या पावसावर आणि त्यानंतरच्या प्रवाहावर अवलंबून राहते.

शेततळ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये, त्याच दुष्काळात आली. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवावे, हा तिचा हेतू निर्विवाद चांगला होता. पण अनेक ठिकाणी तळ्यात प्लास्टिकचे अस्तर टाकून ते विहीर वा विंधन विहिरीच्या पाण्याने भरले जाते. खडकाखाली, सावलीत असलेले पाणी विजेच्या खर्चाने वर आणायचे आणि उन्हात उघडे ठेवायचे, असा हा उफराटा व्यवहार होय. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दिवसाला सरासरी सहा मिलिमीटर घट धरली, तरी चार महिन्यांत ७२ सेंटीमीटर पाणी उडते. तीन मीटर खोल तळ्याचा तो जवळपास चौथा हिस्सा झाला. तळ्याच्या बाजू उतरत्या असल्याने प्रत्यक्षातील तूट त्याहून मोठी. ज्याच्याकडे तळे आहे त्याची फळबाग तगते, शेजाऱ्याची विहीर मात्र आटते. फळबाग जगविणाऱ्या शेतकऱ्याला यात दोषी ठरविण्याचे कारण नाही. विहिरीच्या पाण्याने भरलेली आणि पावसाने भरलेली तळी अनुदानाच्या कागदावर एकाच रांगेत बसतात, हा धोरणाचा दोष आहे.

उपाय नाहीत असे नाही, पण जे सुचविले जातात ते येथे कितपत चालतील, हे तपासले पाहिजे. पाण्यावर रसायनाचा पातळ थर पसरविण्याची पद्धत जुनी आहे. वारा सुटला की तो थर फाटतो आणि येथे उन्हाळ्यात वारा सुटतोच. जायकवाडीवर तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आहे. पक्षी अभयारण्याच्या मुद्द्यावर त्याला विरोध झाला, परंतु त्याविरुद्धच्या याचिकेत हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नकार दिला. विजेबरोबर वाचलेले पाणी हा अशा प्रकल्पाचा जोडलाभ असतो. मांजरा धरणाचे तसे नाही. २०१६ सारख्या वर्षी ते तळ गाठते, त्या वेळी सौर पट्ट्या चिखलावर टेकतील. लातूरसाठी अधिक व्यवहार्य मार्ग पाणी वापरण्याचा क्रम बदलण्याचा आहे. उथळ तलाव आणि नदीवरील बंधारे यांतील पाणी हिवाळ्यातच आधी वापरून संपवावे, खोल साठा मार्चनंतरसाठी राखावा. याला नवे बांधकाम लागत नाही. लागते ती आवर्तनांची फेरमांडणी आणि बंधाऱ्यांकाठच्या लाभधारकांची संमती. पुढच्या १५ ऑक्टोबरनंतर भरणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत हा विषय मांडता येईल, तोही साठ्याच्या टक्केवारीशेजारी वाफेच्या पाण्याचा स्वतंत्र आकडा ठेवून.