बूट जूनचा, पाय दिवाळीचा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते कडोदरा आज कापड गिरण्यांचे गाव झाले आहे. सुरतेच्या या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली कितीतरी कुटुंबे मिलच्या पगारावर संसार चालवतात. अशा घरात शाळेचा बूट ही जूनमधली एकदाच होणारी खरेदी. काळा, बंद आणि एप्रिलपर्यंत टिकेल असा बूट हवा असतो. नियम शाळेचा, खर्च आईबापांचा आणि सोसायचे मुलाच्या पायाने. हा नियम बदलायला हवा. मागे पट्टी असलेल्या सँडलला गणवेशात जागा मिळावी आणि जिथे बंद बूटच हवा असेल तिथे मुलांचे पाय वर्षातून दोनदा मोजले जावेत.

पायाच्या वाढीचा हिशेब साधा आहे. बालवाडीच्या वयात पाऊल महिन्याला सुमारे एक मिलिमीटर वाढते. पुढे वेग थोडा मंदावतो, पण प्राथमिक शाळेतही वाढ चालूच असते. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरात आणि पुढच्या नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते. म्हणजे पहिलीतल्या मुलाचा पाय वर्षभरात एक नंबर सहज ओलांडतो, आणि जूनमध्ये बेताचा बसलेला बूट दिवाळीनंतर आखूड पडू लागतो. मूल मात्र तक्रार करतेच असे नाही. या वयात पायाची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात, सांधे लवचिक असतात. बोटे दुमडून पाय त्या जागेत मावून जातो आणि दुखल्याशिवायही अंगठा तिरपा होत राहतो. ऑस्ट्रियात आठशेहून अधिक बालवाडीतल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा बहुसंख्य मुलांचे बूट आखूड निघाले. बूट जितका आखूड, तितका अंगठा आत वळलेला, असेही दिसले. ती मुले सधन देशातली होती. तेव्हा हा प्रश्न निव्वळ गरिबीचा नाही, पाय न मोजण्याचा आहे.

आपल्या देशातला पुरावा तर अधिक बोलका आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 साली 2,300 मुलांच्या पावलांची पाहणी प्रसिद्ध केली. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के होते, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक, सँडल-चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि बहुतेक सपाट तळवे आयुष्यभर त्रासही देत नाहीत, हे मान्य करायला हवे. तरीही बंद बुटानेच पायाला ‘वळण’ लागते, ही जी समजूत शाळेच्या नियमामागे असते, तिला या आकड्यांत आधार सापडत नाही.

त्यात मापही आपले नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसले आणि ‘भ’ नावाची देशी मापपद्धती पुढे आली. चवडा आवळतो म्हणून आई एक नंबर मोठा बूट घेते. मग लांबी जास्त होते, टाच सुटते, फोड येतात.

‘वाढत्या अंगाचा घ्या’ या सल्ल्याची अडचण हीच आहे. सर्वांत लांब बोटापुढे सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर जागा हवी. त्याहून मोठा बूट पायात धरून ठेवण्यासाठी मूल बोटे आकसून चालते. दुसरा आक्षेप रस्त्याचा: औद्योगिक वस्तीत खिळे, काच, तापलेले डांबर, मग पाय उघडा कसा ठेवायचा? अनवाणी पाठवा असे कोणीच म्हणत नाही. जाड तळाची, मागे पट्टीची सँडल खालून तेवढेच रक्षण करते, आणि दक्षिण गुजरातच्या पावसाळ्यात ओल्या मोज्यांत दिवस काढून चिखल्या होण्यापेक्षा ती नक्कीच बरी. प्रयोगशाळेत किंवा कार्यशाळेत पाय झाकलेला हवा, हे रास्तच आहे. तेवढ्यासाठी पाचवीच्या आतल्या मुलांना दिवसभर बुटात कोंडायला नको. राहिली शिस्त. ती सँडलच्या एकसारख्या रंगानेही दिसते.

खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा. वर्षात दोन जोड घेणे मिल कामगाराला जड जाते. महाराष्ट्राने 2023 मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मोफत बूट-मोजे मंजूर केले, विद्यार्थ्यामागे 170 रुपये. मदत स्वागतार्ह आहे, पण वर्षाला एकच जोड म्हटल्यावर वाढत्या पायाचा प्रश्न तिथेही उरतोच. पट्टी सैल करता येणारी, पुढून उघडी सँडल त्याच पैशात जास्त महिने चालते, आणि लहान झालेले पण तळ न झिजलेले जोड शाळेतच खालच्या वर्गाला देता येतात. मोजायला तर कागद आणि पेन्सिल पुरते. दुपारनंतर, पाय थोडे फुगलेले असताना, मुलाला उभे करून दोन्ही पावलांची रेघ काढायची आणि मोठ्या पावलाचे माप धरायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतेच. उंची आणि वजनाशेजारी पावलाच्या लांबीचा एक रकाना वाढवायला नवी योजना लागत नाही. दुसरी मोजणी दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांनी करावी आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून मुलाबरोबर घरी पाठवावा.