वीज बंद असते तेव्हा खांबावर कोणीतरी असतो

आमली म्हटले की आपल्या लोकांना २ ऑगस्ट १९५४ आठवतो. त्या दिवशी सिल्वासा मुक्त झाला आणि त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाची आपली माणसे होती. आज मात्र मला तिथल्या विजेबद्दल लिहायचे आहे. गोवा आणि दादरा-नगर हवेली, दोन्हीकडचा वीज नियामक आयोग एकच. तिकडे वितरण एप्रिल २०२२ पासून खाजगी कंपनीकडे गेले, आपल्याकडे अजून सरकारी खातेच आहे, एवढाच काय तो फरक. ठरवून वीज बंद करायची तर ग्राहकाला आधी कळवले पाहिजे, हा २०२० चा केंद्राचा नियम दोन्हीकडे लागू.

कळवले की आपण तयारीला लागतो. टाकी भरायची, मोबाईल चार्ज करायचा, वाटप आदल्या रात्रीच वाटून ठेवायचे. फ्रीज उघडला नाही तर चारेक तास तग धरतो, पण मुलांना हे सांगून उपयोग नसतो. आमली पडली कारखान्यांच्या शेजारची. सूत काढणारे यंत्र क्षणभर थांबले तरी धागे तुटतात, म्हणून मोठे कारखाने स्वतःची सोय ठेवतात आणि ती रीतसर बसवलेली असते. मला काळजी वाटते ती लहान दुकानांची, आमलीतल्या आणि म्हापशातल्याही. आईस्क्रीमवाला छोटा जनरेटर आणतो आणि त्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसतो. दुकान उजळते, गिऱ्हाईक खूश!

पण मेन स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मरला सरळ-उलटे कळत नाही. २३० व्होल्ट आत गेले की पलीकडे ११,००० होऊन निघतात, आणि तिथे खांबावर लाईनमन हात घालून बसलेला असतो. लाईन अर्थ करूनच काम करावे हा नियम आहे, पण माणसाचा जीव एकाच खबरदारीवर का टांगावा? मंजूर जोडणीच्या सोलर पॅनेलना ही अक्कल दिलेली असते. लाईन मेली की तीही आपोआप बंद होतात. छपरावर सोलर असूनही घरात काळोख का, म्हणून चिडणाऱ्यांनी हे कारण लक्षात घ्यावे.

जनरेटरला ही अक्कल नसते. त्यासाठी मध्ये चेंजओव्हर स्विच लागतो. एका वेळी खात्याची वीज किंवा जनरेटरची, दोन्ही कधीच नाहीत. वायरमन तो थोड्या वेळात बसवून देतो.

मी कारकून माणूस, सूचना कशा लिहिल्या जातात ते मला ठाऊक आहे. तीत फिडरचे नाव, वेळ आणि शेवटी दिलगिरी येते. 'चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर लावू नका, लाईनवर माणसे काम करत आहेत' ही एक ओळ पणजीत काय, आमलीत काय, छापायला कितीशी शाई लागणार?