टेबल माउंटनची ओढ
केपटाउनमध्ये राहत होते तेव्हा सकाळी पहिली नजर टेबल माउंटनकडेच जायची. उंची जेमतेम 1086 मीटर, पायथ्याशी गजबजलेलं शहर, समोर समुद्र; 1929 पासून वर जायला केबलकारही आहे. म्हणून लोक त्याला घरचाच डोंगर समजतात, आणि तिथेच घात होतो. उन्हाळ्यात आग्नेयेकडून वारा सुटला की समुद्रावरची दमट हवा कड्याला भिडून वर चढते, थंड होते आणि पठारावर पांढराशुभ्र ढग अंथरला जातो. खालून ते रूप बघतच राहावं असं. वर असणाऱ्याला मात्र काही मिनिटांत पुढची पायरी दिसेनाशी होते, अंगात हुडहुडी भरते. चढायच्या वाटांमध्ये प्लॅटेक्लिपची घळ माझी सगळ्यात लाडकी: उभी, दमवणारी, पण वाट स्पष्ट. इंडिया व्हेन्स्टरची वाट, नावात आपला देश असला तरी, नवख्याने धरू नये. तिथे हात टेकून कातळ चढावा लागतो. झऱ्याकाठच्या ओल्या कपारीतली लालभडक डिसा ऑर्किडं आठवली की अजून जीव तिकडे धावतो. तुम्ही गेलात तर जरूर चढा. पण एकट्याने नको, जाकीट आणि भरपूर पाणी घेऊन, आणि ढग उतरू लागला तर माथ्याचा मोह सोडून मागे फिरा.