आजीचा फोटो काळा पडू देऊ नका

परवा शेजारच्या वहिनी पाकीट घेऊन आल्या. आत दोन फोटो. एक त्यांच्या सासूबाईंचा, सोप्याच्या दारात उभ्या असलेला, जुना काळा-पांढरा. दुसरा त्यावरूनच तालुक्याला स्कॅन करून नवा छापून आणलेला. नवा कसा लख्ख होता! पण वहिनींचे तोंड उतरलेले.

"भाऊजी, ह्यात आत्याबाईंच्या चोळीचं काठ कुठं गेलं? आन् मागं उतरंड हुती, ती?"

खरेच, जुन्या फोटोत अंधूक दिसणारे सारे नव्यात काजळ फासल्यासारखे झाले होते.

मंडळी, 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात बुडाली. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात, पण भिंतीवरचा एकुलता फोटो भिजला की गेला. म्हणून तो स्कॅन करून ठेवावाच, मात्र नीट.

स्कॅनर फोटोचा प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा हे मोजतो. साध्या मोजणीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. सावलीतले बारकावे तळाच्या थोड्याच पायऱ्यांवर असतात. फोटो उठावदार दिसावा म्हणून यंत्र आपोआप त्या पायऱ्या एकाच काळ्या रंगात ढकलते. मग मागून कितीही उजळा, गेलेले परत येत नाही.

तेव्हा दुकानदाराला चार गोष्टी सांगा.

एक, आपोआप होणारी सुधारणा बंद ठेवा.

दोन, स्कॅन 16 बिट ग्रेस्केलमध्ये, 600 डीपीआयवर करा. त्यात 256 ऐवजी 65,536 पायऱ्या मिळतात. मूळ फाईल टिफ स्वरूपात जपून ठेवा.

तीन, उजळायचे ते नकलेवर, आणि फक्त सावल्या. सगळाच फोटो उजळला तर पांढऱ्या फेट्याच्या घड्या पुसल्या जातात.

चार, छापण्याआधी लहान पट्टी छापून उन्हाच्या उजेडात बघा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो; शिवाय साधा कागद शाई पितो आणि सावली आणखी दाट होते.

आणखी एक. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

सावलीची किंमत कोल्हापूरने फार पूर्वी ओळखली होती. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या झोपडीतला काळोख त्यांनी पडद्यावर असा उभा केला, की जाणकार पुढे कित्येक वर्षे तो आठवत राहिले. तो मूकपट आज उरलेला नाही. आपल्या घरातले तरी उरू द्या.

वहिनींनी फोटो पुन्हा स्कॅन करून आणला. काठ दिसले, उतरंड दिसली. आणि उंबऱ्याच्या आत, सासूबाईंचा पदर धरून उभे असलेले एक पोर दिसले. जुन्या फोटोत ते इतके अंधूक होते, की आजवर कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

वहिनींचे मालक बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्यो तर मीच की!"