घराचे समाईक खाते

अहमदाबादच्या जुन्या शहरातील वारसा-फेरी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघते आणि माणेक चौकाजवळच्या जामा मशिदीपाशी संपते. महानगरपालिकेने ती १९९७ साली सुरू केली. पुढे २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. हा मान मिळवणारे ते भारतातील पहिले शहर.

ही वाट पोळमधून जाते. पोळ म्हणजे एकाच प्रवेशद्वाराच्या आत वसलेली घरांची वस्ती. रस्त्यालगत ओटा, आत चौक आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके, अशी घराची रचना असे. विटांच्या भिंतीत लाकडाचे आडवे पट्टे बसवलेले असल्यामुळे भूकंपाचा धक्का सोसण्याची ताकद तिला मिळे. पोळच्या तोंडाशी पक्ष्यांसाठी चबुतरा आणि आत देरासर. दोशीवाडा पोळमध्ये अष्टापदजींचे देरासर आहे. त्याच वाटेवरील हरकुंवर शेठाणींची हवेली तिच्या कोरीव लाकडी आधारांसाठी प्रसिद्ध आहे. पती हठीसिंग यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाचे जिनमंदिर १८४८ मध्ये पूर्णत्वास नेणाऱ्या त्याच या शेठाणी.

या व्यापारी जगात घरापुरता हिशेब पाहण्याची रीत नव्हती. १७२५ मध्ये मराठी फौजांकडून लुटीचे संकट ओढवले, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची रक्कम भरून शहर वाचवले. व्यापाऱ्यांनीही ते ऋण मानले आणि शहरात छाप होणाऱ्या मालावर दर शेकडा चार आण्यांचा हक्क त्यांच्या घराण्यास लावून दिला.

पोळचाही असाच समाईक हिशेब असे. लग्नकार्याच्या व घरविक्रीच्या वेळी पोळच्या निधीत रक्कम जमा होई आणि त्यातून सामाईक खर्च भागे. घर विकायचे अथवा गहाण टाकायचे झाल्यास बाहेरच्या माणसाकडे जाण्यापूर्वी पोळमधील रहिवाशांना विचारण्याची जुनी रीत होती. घराची मालकी एकाची असली, तरी त्याच्या अस्तित्वाशी सर्वांचा संबंध होता.

आज हा धागा विरला आहे. कवी दलपतरामांचे मूळ घर उरले नाही. त्या जागी केवळ दर्शनी भाग पुन्हा उभारून ओट्यावर त्यांचा पुतळा बसवला आहे. इतरत्र अनेक दारांना कुलूप दिसते. वारस वाढतात, हिस्से लहान होतात. कौलातून पाणी गळू लागले तरी दुरुस्तीस संमती देण्यासाठी सगळे सहहिस्सेदार एकत्र येत नाहीत. घर एकाएकी पडत नाही. सह्यांची वाट पाहता पाहता खचते. शेवटी कोरीव खांब जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात.

मूळ गावी जुना वाडा असलेल्या प्रत्येक व्यापारी कुटुंबाला हा अनुभव परका नाही. दुकानाचा ताळेबंद दरवर्षी मांडला जातो. वाड्याचा मात्र कधीच नाही. वडीलधारी मंडळी हयात असतानाच सर्व वारसांची नोंद करावी, कागदपत्रे एकत्र ठेवावीत, देखभालीसाठी वार्षिक वर्गणी ठरवावी आणि एकाला लेखी अधिकार द्यावा. ज्याला आपला हिस्सा विकायचा असेल, त्याने आधी घरातल्यांना विचारावे, एवढी जुनी रीत पाळली तरी पुष्कळ साधेल. सागवान शतकानुशतके टिकते. त्याला आधार हवा तो भावंडांच्या एकमताचा.