वैरणीचा हिशेब कोणी ठेवायचा?

भाकरी का करपली, घोडा का अडला, विद्या का विसरली, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते: फिरवली नाही म्हणून. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर खोगीर चढवून उभ्या असलेल्या घोड्यांच्या बाबतीत मात्र हे उत्तर उलटे करावे लागेल. तेथला घोडा फिरतो पुष्कळ. तो अडलाच, तर त्याच्या पोटात काय, कधी आणि किती गेले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. तो सहसा विचारला जात नाही. घोडा हा घोडेवाल्याचा, तेव्हा त्याचे खाणेपिणे हीदेखील घोडेवाल्याचीच खासगी बाब, असे सर्वांनी धरून ठेवलेले आहे.

इतर ठिकाणी ही समजूत एक वेळ चालून जाईल. माथेरानला ती चालू नये. ह्यू मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याने १८५० साली हे ठिकाण लोकांच्या नजरेस आणले, १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर गेली, आणि २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर मोटारी दस्तुरीलाच थांबतात. पुढे बरीच माणसे पायी जातात, नाहीतर घोड्यावर बसून, आणि हॉटेलांचे सामानसुमानही मोठ्या प्रमाणावर घोड्याच्या पाठीवरून जाते. येथे घोडा पाळणे हा कोणाचा षोक नव्हे. शासनाने स्वीकारलेल्या धोरणामुळे घोडा हे तेथील सार्वजनिक वाहतुकीचे साधन झाले आहे. बसगाडीच्या तेलपाण्याची व्यवस्था सार्वजनिक मानायची आणि घोड्याच्या दाणावैरणीची मात्र खासगी, हा भेद तर्काला धरून नाही.

वैरणीचा हिशेब ही राज्यकर्त्याची चिंता असते, हे या मुलखात कोणाला नव्याने शिकवण्याची गरज नसावी. शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नये, या त्यातील ताकिदीची आठवण भाषणांतून नेहमी होते. पण पत्राचा मोठा भाग दाणा आणि गवत यांविषयी आहे, तिकडे वक्त्यांचे लक्ष फारसे जात नाही. असेल तोवर मनमुराद चाराल, ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढत नेली तर गंजीला आग लागेल, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. घोडा मेल्याचा दोष रोगावर वा दैवावर न टाकता ज्याने वैरणीचा हिशेब ठेवला नाही त्याच्यावर टाकणारे हे पत्र आजही वाचण्यासारखे आहे.

आता मूळ प्रश्न असा की, घोड्याला चांगले खाऊ घालणे म्हणजे काय? सर्वसाधारण समजूत अशी की चांगले म्हणजे पौष्टिक, आणि पौष्टिक म्हणजे हरभऱ्याची चंदी, कोंडा, गूळ. गवत हे गरिबाचे खाणे. घोड्याच्या शरीराची रचना नेमके याच्या उलट सांगते. त्याचे जठर देहाच्या मानाने फारच लहान, आठ ते पंधरा लिटरांचे असते. गवत पचते ते पुढे, मोठ्या आतड्यात, तेथे वस्ती करणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या साह्याने. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते, परंतु त्या आम्लाला शमविणारी लाळ मात्र तो चावत असेल तेव्हाच सुटते. एक किलो वाळले गवत चावायला घोड्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो, तेवढाच दाणा तो दहा मिनिटांत संपवतो. म्हणजे तोबरा तोंडाला अडकवून पोट भरल्यासारखे दिसले, तरी लाळ सुटली ती थोडीच, आणि उरलेले कित्येक तास आम्ल रिकाम्या जठरात पाझरत राहिले. शर्यतीच्या घोड्यांवर लाखो रुपये खर्च होतात, तरीही त्यांच्यात जठरव्रणाचे प्रमाण फार मोठे आढळते, याचे एक प्रमुख कारण हेच.

पुढचा धोका अधिक गंभीर आहे. दिवसभर उपाशी राबवून रात्री एकदम दोन-तीन किलो दाणा पुढे टाकला, तर लहान जठरातून तो अर्धवट पचलेल्या स्थितीत मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे तो आंबतो, वायू धरतो, गवत पचविणारे जीव मरतात, आणि त्यांच्या विषाचा परिणाम थेट पायांपर्यंत पोहोचून खुरांच्या आतील नाजूक थर सुजतो. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नाही. पोटशुळाने जमिनीवर लोळणारा घोडा पाहून दृष्ट लागली म्हणणारे लोक अजून आहेत. दृष्ट कोणाची लागत नाही, तोबऱ्याची वेळ आणि माप चुकलेले असते. अडीचशे-तीनशे किलो वजनाच्या कष्टाळू तट्टाला दिवसाकाठी सहा-सात किलो कोरडा आहार पुरतो. त्यातला बराच मोठा वाटा गवताचा असावा, आणि दाणा एका वेळी किलोभरापेक्षा जास्त नसावा. सोबत मीठ, आणि दिवसाला पंचवीस-तीस लिटर स्वच्छ पाणी, उन्हाळ्यात त्याहून अधिक. हरभरा भिजवून घालण्याची जुन्या मोतद्दारांची रीत शहाणपणाची होती; कोरडा हरभरा पोटात जाऊन फुगतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

मग घोडेवाले गवत कमी आणि कोंडा जास्त का घालतात? हे अज्ञान असेल, पण केवळ अज्ञान नव्हे. डोंगराच्या माथ्यावर शेती नाही. वैरण बहुतांशी खालून वर आणावी लागते. गवत वजनाला हलके आणि आकाराने अवाढव्य. त्याचा भारा वर चढवायचा तर वाहतुकीचाच खर्च जड होतो. कोंड्याचे पोते त्या मानाने सुटसुटीत, दुकानात उधारीवर मिळणारे. ज्याची मिळकत शनिवार-रविवारच्या गर्दीवर अवलंबून आहे आणि पावसाळ्यात जिचा झरा आटतो, तो माणूस पोत्याकडे वळला तर नवल नाही. परंतु गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर आणि चुना अगदी थोडा. महिनोन् महिने त्यावरच भिस्त ठेवली की शरीर स्वतःच्या हाडांतला चुना काढून तूट भरते, हाडे ठिसूळ होतात, चेहऱ्याची हाडे फुगतात, आणि घोडा कारण न दिसता लंगडू लागतो. अशा घोड्याच्या पाठीवर मग मुंबईचा धडधाकट गृहस्थ बसतो. १९६५च्या नियमांप्रमाणे तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोपर्यंतच ओझे लादता येते. स्वार हा ओझ्याच्या व्याख्येत बसतो की नाही, हा वकिलांचा विषय झाला. तट्टाच्या पाठीला व्याख्या कळत नाही.

कायद्याचा धाक दाखवून हा प्रश्न सुटेल असेही नाही. पाळीव जनावराला पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हा १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या पैशांत आज गवताची पेंढीही धड येणार नाही. दंड वाढविला पाहिजे यात वाद नाही. पण ज्याला स्वस्त गवत मिळण्याची सोय नाही त्याला दंड करून घोड्याच्या पोटात काही पडत नाही.

सोय करावयाची ती फार खर्चाची नाही. कोकणपट्टीतील गवत पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात कापले जाते आणि तेव्हाच ते स्वस्त असते. ते त्या वेळी एकगठ्ठा खरेदी करून, दाबून गासड्या बांधून, कोरड्या गुदामात ठेवणे आणि वर्षभर ना नफा ना तोटा दराने घोडेवाल्यांना विकणे, एवढे काम नगरपरिषदेने व पशुसंवर्धन खात्याने मिळून अंगावर घ्यावे. गुदाम कोरडे असणे महत्त्वाचे, कारण बुरशी आलेले गवत गाय-बैलाला एक वेळ पचेल, घोड्याला ते विषासारखे बाधते. माथेरानला येणाऱ्या प्रवाशाकडून कर घेतलाच जातो. त्यातील काही भाग या कामी लावण्यास कोणाची हरकत असू नये. खासगी मालकीच्या जनावराला सार्वजनिक पैशाने का पोसावे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की हे पोसणे नव्हे, विकणे आहे. आणि या सवलतीच्या बदल्यात परवान्याच्या नूतनीकरणासाठी दातांची, खुरांची आणि पाठीवरील जखमांची वर्षातून दोनदा तपासणी सक्तीची करता येईल. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर येत असतात, त्यांच्या कडा धारदार होऊन गाल कापतात आणि मग पुढे ठेवलेले चांगले गवतही तो चावत नाही. कानस फिरवणारा जाणकार आणि सहा-आठ आठवड्यांनी येणारा नालबंद यांच्याविना चारा निम्मा वाया जातो. धनुर्वाताची लस आणि जंतांचे औषध यांचा खर्च तर किरकोळच. पाण्याचे हौद बांधताना मात्र एक पथ्य पाळावे. ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग सामाईक हौदातून पसरू शकतो, म्हणून नळ सार्वजनिक आणि बादली ज्याची त्याची, हीच पद्धत बरी.

या सर्व खटाटोपाची आता गरज काय, असे विचारणारेही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या हौसेच्या फेरीसाठी चालविणे बेकायदेशीर असल्याचे उच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आणि त्यांच्या जागी ई-रिक्षांचा मार्ग दाखविला. देशातील घोडे व तट्टे यांची संख्या २०१२च्या पशुगणनेत सुमारे सव्वासहा लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. माणसाने माणसाला ओढणे थांबविण्याचा आदेश झाला, हे योग्यच झाले. उद्या घोड्यावरचा भारही कमी झाला तर त्याचे स्वागतच करावे. परंतु मिळकत घटली की घोडेवाला पहिली काटछाट वैरणीत करील, आणि त्यातही गवतात. घोडा वीस-पंचवीस वर्षे जगतो. धोरण बदलले म्हणून त्याची भूक संपत नाही. संक्रमणाच्या काळातच गुदामाची गरज अधिक आहे, आणि थकलेले घोडे कोठे ठेवायचे हेही याच वेळी ठरवावे लागेल.

कार्तिकात गवत घ्यायचे तर त्याची तरतूद, जागा आणि निविदा यांचे निर्णय श्रावणाच्या आत व्हावयास हवेत. तेवढा अवधी टळला की भाव चढतात, आणि पुढचे वर्ष पुन्हा कोंड्याच्या पोत्यावर काढावे लागते.